भर उन्हातली ओल

कुसुमबाईनं भिंतीवर तळहात टेकला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. भिंत ओली होती.

चैत नुकता लागलेला. बाहेर ऊन असं की कुत्री मोटारसायकलींच्या सावलीला जाऊन पडलेली, आभाळात औषधालासुद्धा ढग नाही, आणि नव्या खोलीची मागची भिंत ओली. तिनं पुन्हा हात लावून पाहिला. गार आणि दमट. वरचा आकाशी रंग ठिकठिकाणी फुगला होता. बोटानं जरा दाबला तर त्याची पापडी सुटून हातात आली. दिवसभर दुसऱ्याच्या रानात हळद वेचून पिवळे झालेले तिचे हात, आणि त्यात ती निळी पापडी. पाणी प्यायला म्हणून आत आलेली बाई, पाणी प्यायचं विसरून तिथंच खाली बसली.

आता कोणी म्हणेल, भिंतीला ओल आली तर एवढं हातपाय गाळायचं काय कारण? असं म्हणणाऱ्यानं आधी ही खोली काय होती ते ऐकून घ्यावं आणि मग तोंड उघडावं.

कुसुमबाईचा नवरा आश्रुबा हा गवंडी. ताडकळसच्या आजूबाजूला गावोगाव त्यानं बांधलेली घरं उभी आहेत. शाळेची खोली म्हणा, समाजमंदिर म्हणा, पाटलाचा बंगला म्हणा, आश्रुबा मिस्त्रीचा हात लागला की लोक निर्धास्त. आणि स्वतःचं घर? मातीच्या भिंती, वर पत्रे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उन्हाळ्यात भाजायचं आणि पावसाळ्यात भिंती पाणी प्यायच्या. त्या ओलीत त्यांची लेक सुकेशनी वाढली. पावसाळा लागला की पोरीच्या छातीत घरघर सुरू व्हायची. रात्र रात्र तिला मांडीवर उभी धरून कुसुमबाईनं काढलेली. नवऱ्याला ती म्हणायची, "सगळ्या गावाला घरं बांधून देताव, एक कोरडी खोली आपल्या लेकीला बांधा." तो म्हणायचा, "बांधू की." त्या 'बांधू की' मध्ये पोरगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन पाथरीला गेली.

आणि आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. कुसुमबाई पोरीला आणायचं बोलायला पाथरीला गेली तेव्हा सुकेशनीच्या सासूनं, सुलाबाईनं, तिला चहा दिला, शेजारी बसवून घेतलं आणि सरळ सांगितलं, "पाठवायला मी कशाला न्हाई म्हणू? पण डॉक्टरीणबाईनं बजावलंय, हिला ओलीत ठेवायचं न्हाई. दमा हाय, त्यात दोन जिवांची. कोरडी खोली असंल तर मी सोता आणून सोडती. नसंल तर राग मानू नका ताई, पोरगी हितंच राहील."

बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. कुसुमबाई परत आली, नवऱ्यापुढं बसली आणि म्हणाली, "आता बांधू की म्हणून भागणार न्हाई."

आश्रुबानं गुडघ्यांच्या दुखण्यापायी लोकांची कामं सोडली होती. पण ह्या खोलीसाठी तो उठला. काय सांगावं कसं बांधलं ते. आपल्याकडची काळी माती म्हणजे पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार, तिच्यावर भिंत उभी केली की भिंतीची वाट लागली. त्यानं ती सगळी उपसून काढली आणि मुरूम भरून तो धुम्मसानं ठोकून घट्ट केला. जोतं चांगलं मांडीएवढं उंच घेतलं. जोत्यावर काँक्रीटचा पट्टा टाकला, त्यात पाणी न धरणारी पावडर कालवली. फरशीखाली जाड प्लास्टिक अंथरलं. जमिनीतली ओल वर चढायला सुईएवढी वाट म्हणून ठेवली नाही. मग गिलावा झाला आणि त्याला पाणी मारणं सुरू झालं. सिमेंटचं कसं असतं, ओलं असताना ते कच्चं असतं आणि पाणी पाजल्याशिवाय पक्कं होत नाही. सकाळ-संध्याकाळ तो डब्या-डब्यानं भिंतीला पाणी घालायचा. "लेकराला दूध अन् गिलाव्याला पाणी," असं म्हणायचा. ते दिवस संपले, भिंती खडखडीत वाळल्या, आकाशी रंग लागला, एका भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लागला. शेजारपाजार खोली बघून गेला. कुसुमबाई रोज संध्याकाळी रानातून आली की आधी त्या खोलीत जाऊन उभी राहायची. काही काम नसायचं. नुसती उभी राहायची.

तीच ही खोली. आणि तिला भर चैतात ओल.

कुसुमबाईनं हाक मारली तसा आश्रुबा आत आला. त्यानं भिंत पाहिली आणि त्याचाही चेहरा उतरला. वाकून त्यानं जोत्याजवळ हात फिरवला, मग वर, मग आणखी वर. बोटाच्या गाठीनं ठोकून आवाज ऐकला. बाहेरच्या बोळात जाऊन आला. मागची भिंत आणि शेजारच्या कडूबाईची न्हाणी ह्यांच्या मधे एक अरुंद बोळ होता, दुपारीसुद्धा तिथं ऊन उतरायचं नाही.

"खालून न्हाई आलेली ही," तो म्हणाला. "खालची ओल जोत्यापासून वर चढत जाती. हितं जोतं कोरडं हाय अन् वर ओल हाय. कुसुम, कुणीतरी बाहिरून भिंतीवर पाणी टाकायलंय."

हे तो ठामपणे बोलला आणि ते अक्षरशः खरं होतं. कुसुमबाईच्या डोक्यात ते शब्द पक्के बसले.

पुढच्या सुटीला मुलगा पप्पू आला. पप्पू सेलूला जिनिंगमध्ये कामाला. त्यानं भिंत पाहिली, बापाकडं पाहिलं आणि नको ते बोलून गेला. "बाबा, खरं सांगा. सिमेंट हात राखून घातलं का?"

आश्रुबा मिस्त्रीला असं विचारायची हिंमत आजवर एकाही घरमालकानं केली नव्हती, आणि विचारलं कोणी तर पोटच्या पोरानं. आश्रुबा नुसता आपल्या हातांकडं बघत राहिला, जणू ते हात आपले आहेत की नाहीत ह्याचाच त्याला अंदाज घ्यायचा होता. कुसुमबाईच मधे पडली. "उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्यांनी गाव उभं केलं त्यांना शिकवायलास व्हय? सिमेंट माझ्या डोळ्यादेखत कालवलंय. ओल बाहिरून यायलीय, बाहिरून."

"मंग बाहिर कोण हाय?" पप्पू म्हणाला.

बाहेर कडूबाई होती.

कडूबाई ही म्हातारपणाकडं झुकलेली विधवा बाई, एकटीच राहायची. दोघींचं कधी वाकडं नव्हतं. सुकेशनीच्या लहानपणी छाती शेकायला निखारे हिच्याच चुलीतून यायचे. पण डोकं फिरलं की माणसाला मागचं काही दिसत नाही. कुसुमबाई पदर खोचून तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळी गल्ली गोळा होईल एवढ्या आवाजात म्हणाली, "कडूबाई, तुझ्या न्हाणीचं पाणी माझ्या भिंतीत मुरायलंय. माझ्या लेकीच्या जिवावर उठलीस का?"

कडूबाई भाकरी थापता थापता उठून आली. तिला हे इतकं अनपेक्षित होतं की पिठाचे हात तसेच अधांतरी राहिले. "माझी न्हाणी पक्की हाय गं. तुझ्याच नवऱ्यानं बांधलीय. पाणी तिकडच्या नालीत जातंय."

"मंग बोळात चिखल कशाचा?"

"मला काय ठावं? दुपारच्याला तुमच्याच बोळात पाणी वाजतंय. मला वाटलं तुमचंच कायतरी काम निघालं असंल."

"दुपारी कोण काम काढंल? हे घरात पडून असत्यात. मी रानात असते. आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालू नको."

कुसुमबाई आणखीही बरंच बोलली, ते इथं सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी कडूबाईनं न्हाणीच्या तोंडाशी दगड लावला आणि ती आंघोळीला पार गल्लीच्या टोकाला, भाचीच्या घरी जायला लागली. ह्या वयात, कपड्यांचं गाठोडं काखेत घेऊन. गल्लीनं ते पाहिलं. कुसुमबाईनंही पाहिलं आणि मान फिरवली. पोरीसाठी आपण करतोय म्हटल्यावर माणसाला स्वतःचं सगळंच खपतं.

आणि भिंत? भिंत ओलीच.

एवढ्यात बाबासाहेबांची जयंती आली. हळदीचं काम त्या दिवसांत बंद, त्यामुळं कुसुमबाई घरी, पप्पू घरी, पाहुणारावळा, निळे झेंडे, मिरवणूक, घर नुसतं भरून गेलेलं. पप्पूनं परभणीहून ओल मारायच्या औषधाचा डबा आणला आणि बोळातून सगळ्या भिंतीला दोन हात मारले. आणि काय आश्चर्य, भिंत वाळली. जयंती सरेपर्यंत आतून बाहेरून कोरडी ठणठणीत. पप्पूनं फुगलेला रंग खरवडून नवा हात दिला. कुसुमबाईनं भिंतीला गाल लावून पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "लागू पडलं गं बाई औषध," असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. त्याच दिवशी तिनं पाथरीला फोन लावला. सुलाबाई म्हणाली, "मंगळवारी दुपारच्या गाडीनं निघते, दिवस मावळायच्या आत तुमच्या दारात."

सोमवारी कुसुमबाई पुन्हा हळदीला गेली. संध्याकाळी आल्या आल्या सवयीनं खोलीत शिरली आणि दारातच थबकली. भिंतीवर ओलीचा डाग माणसाच्या उंचीचा झाला होता. नवा रंग पुन्हा फुगला होता. बोळात जाऊन पाहिलं, तर भिंतीच्या पायाशी पाणी अजून जिरत होतं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या पोरगी येणार, सासू येणार, सासू आधी भिंतीला हात लावणार, आणि पोरीला आल्या पावली परत नेणार. चूकही नाही तिची. कुसुमबाई पुढच्या दारी आली. आश्रुबा ओट्यावर बसला होता. ती ओरडली, "दिवसभर घरी असताव तुमी. दिसत न्हाई का कोण पाणी टाकायलंय ते?"

"मी कुठं घरी होतो?" आश्रुबा म्हणाला. "मी कामावर होतो की."

ते तिनं नीट ऐकलंसुद्धा नाही. अलीकडं तो असं काहीतरी बोलायचा. बाजाराला पिशवी घेऊन जायचा आणि रिकामी पिशवी घेऊन यायचा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचा. हातातलं काम सुटलं की बाप्या माणसाचं असंच होतं, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. शिवाय तिच्या डोक्यात त्या वेळी एकच नाव फिरत होतं. कडूबाई. गल्लीत इज्जत घेतली म्हणून ही बाई आता मुद्दाम सूड उगवायलीय. मी रानात गेले की डाव साधायलीय. बरं बाई, उद्या तुला रंगेहाथ धरते.

मंगळवारी सकाळी ती रोजच्यासारखी निघाली. डोक्यावर टोपलं, हातात विळा, बायकांच्या घोळक्यात गप्पा मारत गावाच्या शिवेपर्यंत गेली. तिथून पोटात कळ आल्याचं सांगून मागं वळली, ऊन चढेपर्यंत ओळखीच्या बाईकडं बसून राहिली आणि मग मागच्या वाटेनं आपल्या बोळाच्या टोकाशी आली. तिथं सरपणासाठी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. त्याच्याआड ती बसली. पऱ्हाट्यांची काटकुळं टोचत होती, घामानं चोळी अंगाला चिकटली होती, पण ती हलली नाही. कडूबाईला काय काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. गल्लीला हाका मारून गोळा करायचं तिनं ठरवलंच होतं.

पावलांचा आवाज आला. बादलीच्या कडीचा आवाज आला. हापशावरनं भरून आणलेली बादली कोणीतरी दमानं खाली ठेवली. कुसुमबाई पुढं झुकली.

बोळात आश्रुबा उभा होता.

अंगात त्याचा कामावरचा जुना सदरा, सिमेंटचे डाग पडलेला. डोक्याला फडकं बांधलेलं. त्यानं बादलीत डबा बुडवला आणि भिंतीवर पाणी मारलं. उगाच कुठंतरी नाही. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, मग जरा सरकून त्याखाली, मग आणखी सरकून. एक वीतसुद्धा कोरडी राहू नये असं. पाणी भिंतीवरनं खाली ओघळत होतं आणि तो मधे मधे भिंतीला हात लावून बघत होता, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. बादली संपली तसा तो गेला, दुसरी भरून घेऊन आला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं आणि तो कळसा बघून कुसुमबाई दगड झाली होती. पहिल्यांदा आला तो संताप. म्हणजे हा माणूस. ह्याला लेक यायला नको आहे? ह्यानंच मला सांगितलं ना, बाहेरून कोणीतरी पाणी टाकतंय म्हणून? ह्याच्यापायी मी त्या बाईला गल्लीत उभी केली, ह्याच्यापायी पोरानं सिमेंटचा संशय घेतला, आणि हा?

ती ढिगाआडून उठली, तरातरा गेली आणि तिनं त्याच्या हातातला डबा हिसकला. "तुमी? तुमीच? सगळ्या दुनियेला मी चोर ठरवलं, अन् घरातच? का करायलाव असं? लेक नको हाय का घरात?"

आश्रुबा दचकला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग गडबडीनं डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं, जसं तो घरधन्यापुढं घ्यायचा.

"रागावू नका मालकीणबाई," तो म्हणाला. "गिलावा कालच झालाय. आज पाणी चुकलं तर भिंत भुसभुशीत राहती. मंग तुमीच म्हणताल, आश्रुबानं काम बिघडवलं."

थट्टा असावी, असं कुसुमबाईला वाटलं. पण आश्रुबा थट्टा करणाऱ्यातला नव्हता, आणि त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. होती ती फक्त अदब. परक्या बाईशी बोलताना असते ती. "अवो," ती म्हणाली, "असं काय बोलायलाव? माझ्याकडं बगा. मी कुसुम."

आश्रुबा हसला. परक्याशी हसतात तसं, बेतानं. "आमच्या घरलीचं नाव बी कुसुमच हाय," तो म्हणाला.

तिच्या हातातला डबा खाली पडला. तो आवाज ऐकून कडूबाई मागच्या दाराशी आली होती. काय चाललंय ते तिला दोन वाक्यांत कळलं असावं. कारण तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून राहिली. त्या वेळी तिला कुसुमबाईला काय वाटेल ते बोलता आलं असतं.

आता सगळं एकामागून एक कुसुमबाईच्या अंगावर आलं. दुपारी बोळात पाणी वाजतं, असं कडूबाई खरं तेच सांगत होती. जयंतीला भिंत औषधानं वाळली नव्हती. घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून हा कामावर गेला नव्हता, एवढंच. काल संध्याकाळी तो म्हणाला होता, मी कामावर होतो. तो खोटं बोलला नव्हता. भिंतीवर कोणीतरी पाणी टाकायलंय, हेही तो खरंच सांगत होता, फक्त ते कोण हे त्याला माहीत नव्हतं. आणि गल्लीनं काय पाहिलं नव्हतं? रोज दुपारी आश्रुबा हापशावरनं बादल्या भरून नेत होता. सगळ्यांनी पाहिलं. पण गवंडी भिंतीला पाणी मारतोय ह्यात कोणाला काय वावगं वाटणार? शेतकरी पिकाला पाणी देताना दिसला तर कोणी विचारतं का, का देतोस म्हणून?

कुसुमबाईनं भिंतीवर हात टेकला. तळहात ओला झाला. ज्या ओलीसाठी ती इतके दिवस झोपली नव्हती तिचं कारण सापडलं होतं. खोलीत काही खोट नव्हती. जोतं पक्कं, पट्टा पक्का, गिलावा पक्का. हा माणूस नुसता घरात बसवून ठेवला की भिंत उन्हानं वाळणार होती. आजच्या गाडीनं सुकेशनी येणार होती, सुलाबाईला दाखवायला कोरडी भिंत उद्या-परवा मिळणार होती. हेच तर हवं होतं तिला. पण त्यातलं काहीच तिला आता नको होतं. भिंत खालून ओली निघाली असती, पाया खचला असता, छप्पर कोसळलं असतं तरी परवडलं असतं, असं तिला वाटलं.

"मालकीणबाई," आश्रुबानं पडलेला डबा उचलला, पुसला आणि उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते भिंतीवर घातलं. "एक इचारू का? खोली कुणासाठी बांधायलाव?"

ती म्हणाली, "लेकीसाठी."

"बाळंतपणाला यायची असंल."

"हां."

"लय चांगलं केलंत." तो भिंतीकडं बघून मान डोलावत होता. स्वतःच्या कामावर तो खूश होता. "हिच्यात ओल यायची न्हाई, माझी जबान हाय. जोत्याखाली मुरूम भरलाय, वर पट्टा टाकलाय. पोरगी कोरड्यात राहील." मग तो जरा थांबला. आवाज खाली आणून, घरातली गोष्ट परक्याला सांगावी की नाही असा विचार करत म्हणाला, "मला बी एक बांधायची हाय अशीच. आमची सुकेशनी हाय, लहान हाय अजून. पत्र्याच्या घरात दम लागतो तिला. तिची माय रोज म्हणती, एक कोरडी खोली बांधा. मी म्हणतो, बांधू की. तिला वाटतं मी नुसतं म्हणतो. पण लोकांच्या कामातून जराशी फुरसत मिळाली ना मालकीणबाई, की पहिली तिचीच खोली बांधणार."

कडूबाईच्या दारातून हुंदका ऐकू आला. कुसुमबाईला रडू आलं नाही. ती ह्या माणसाकडं बघत राहिली. स्वतः बांधलेल्या लेकीच्या खोलीला पाठ लावून तो उभा होता, आणि ती खोली त्याच्यापुरती अजून बांधायचीच राहिली होती.

आश्रुबानं बादलीत हात धुतले. फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "येतो मी. उद्या पुन्हा येतो पाणी मारायला. घरी वाट बघत असतील."

तो बोळातून बाहेर पडला आणि गल्लीच्या रस्त्यावर येऊन थांबला. आधी उजवीकडं पाहिलं. मग डावीकडं. मग पुन्हा उजवीकडं. स्वतःचं दार त्याच्या मागं हाताच्या अंतरावर होतं. उन्हात तो तसाच उभा राहिला, रिकामी बादली हातात धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती जमायला लागली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस भ्यालेला कुसुमबाईनं कधी पाहिला नव्हता.

ती बोळातून बाहेर आली. पदरानं तोंड पुसलं. तुमचं घर हेच आहे, असं सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं. पण त्याची नजर तिच्यावर आली, त्या नजरेत ओळख नव्हती, आणि हे सांगून त्याला आणखी घाबरवायचा धीर तिला झाला नाही.

"चला मिस्त्री," ती म्हणाली. "मला बी तिकडंच जायचंय."

आश्रुबाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "बरं झालं. चला, तुमी व्हा म्होरं," तो म्हणाला.

कुसुमबाई चालायला लागली. कुठं जायचं हे तिलाही माहीत नव्हतं. एक वळण घ्यावं, झाडाखाली जरा बसवावं, आणि मग हळूच घराकडं आणावं, एवढंच तिनं ठरवलं होतं. तिला वाटलं तो बरोबर येईल. मागं वळून पाहिलं, तर घरधनिणीच्या मागं चालावं तसा तो अंतर राखून, मान खाली घालून येत होता. ती थांबली की तोही थांबत होता.